पाठीने चालणारी मॉरिस

कोपरी, ठाणे
६ फेब्रुवारी १९५५

मंदामावशी,

नमस्कार. हे पत्र भाच्याचं कमी आणि विमा कंपनीच्या एजंटाचं जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो. आई मागून डोकावून म्हणाली, "सख्ख्या मावशीला पत्र लिहितोयस की नोटीस बजावतोयस?" तेव्हा थोडी नोटीस समज.

तुझ्या मॉरिसचा विमा मार्चअखेर संपतोय. या वर्षीपासून कंपनी प्रत्येक गाडीवाल्याला विचारते आहे, की गाडी कारखान्यातून आली तेव्हा जे नव्हतं असं काय काय तुम्ही तिच्यावर चढवलंत, कापलंत, बदललंत? सांगितलं तर बरं, नाही सांगितलं तर वेळ आल्यावर कंपनी हात वर करते. मी थट्टा करत नाही. कल्याणच्या एका गिरणीवाल्याने गाडीच्या टपावर कोंबड्या न्यायला पिंजरा बसवला होता. चिंचेची फांदी पिंजऱ्यात अडकून टपच उचकटला. कंपनी म्हणाली, आम्ही मोटारीचा विमा उतरवला होता, खुराड्याचा नाही.

तू काही खुराडं बसवणार नाहीस. डोंबिवलीची एकुलती एक डॉक्टरीण, तुला वेळ कुठे? तरी बारीकसारीक असेल ते कळव. चालवणारा म्हणून कागदावर पोपटचं नाव आहे, ते तसंच ठेवतो. गेल्या वेळी त्याने आणून दिलेल्या कोलीम सुकटीची आई अजून आठवण काढते.

तुझा,
त्र्यंबक


डोंबिवली
११ फेब्रुवारी १९५५

एजंटसाहेब त्र्यंबकराव,

नोटीस पोचली. आता लिहून घ्या.

मागच्या काचेला पडदा लावलाय, कारण नववा महिना लागलेल्या बाईकडे साऱ्या रस्त्याने बघू नये. औषधांच्या पेटीला आकडा बसवलाय. खाली काथ्याची चटई आहे, खाडीकाठच्या मोठागावातून चिखलाचे पाय घेऊन माणसं चढतात म्हणून. आरशाला शिंपल्यांची माळ लोंबते, ती दगडाबाईने बांधली. तिच्या सुनेला जुळी झाली, दोन्ही जगली, तेव्हाची. ती माळ काढायला तुझ्या कंपनीच्या सगळ्यात मोठ्या साहेबाने जरी सांगितलं तरी मी काढणार नाही. डाव्या दाराला पोचा आहे, तो एका रेड्याने दिला, मी बसवून घेतलेला नाही. आणि सीट जरा मागे सरकवली आहे. बाकी काही नाही.

पोपट मजेत आहे.

ताईला म्हणावं, गुडघ्याला तेल लाव आणि जिने चढणं कमी कर.

मंदामावशी


कोपरी
५ मार्च १९५५

मावशी,

परवा कामासाठी भिवंडीला निघालो. एस.टी.त चढलो, पुढच्या बाकावर बसलो, समोर खाकी कपड्यात ड्रायव्हर. मान ओळखीची वाटली. वळला तर आपला पोपट. मला बघून त्याने आधी हात जोडले आणि मग जीभ चावली.

तो मजेत आहे हे तू खरंच लिहिलं होतंस. गडी दिवाळीपासून एस.टी.त लागलाय, पगार आहे, टोपी आहे, बायको खूश आहे. हे सगळं त्याने भिवंडी येईपर्यंत सांगितलं. पण "मग बाईंची गाडी कोण चालवतं?" असं विचारलं की तो जोरात हॉर्न वाजवायचा. समोर रस्त्यावर चिटपाखरू नसताना. उतरताना एवढंच म्हणाला, "दादा, तुम्ही एकदा जाऊन बघाच. मी सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल."

मावशी, आता खरं सांग. दुसरा माणूस ठेवला असशील तर त्याचं नाव कागदावर यायला हवं. आणि तू स्वतः... म्हणजे तुझी ती अडचण लक्षात घेता मला ते शक्य वाटत नाही. पण तुझ्या बाबतीत शक्य-अशक्य मी ठरवायचं नाही हेही मला लहानपणापासून माहीत आहे. आईला अजून काही बोललो नाही.

त्र्यंबक


डोंबिवली
९ मार्च १९५५

त्र्यंबका,

"ती अडचण." अरे, पाय लिही. डावा पाय. दोन शब्द आहेत, शाई संपणार नाही. तीन वर्षांची असताना ताप आला आणि पाय गेला, आता छत्तीस वर्षं झाली, त्याला आता नावाने हाक मारली तरी चालेल.

पोपट गेला. त्याची चूक नाही, मीच त्याला जा म्हटलं. दुसरा ड्रायव्हर मिळेना. रात्री-अपरात्री बाळंतपणाला उठायला कोण तयार होतो? मग बैलगाडीने जायला लागले. बैलगाडीने जाताना एकदा उशीर झाला. मानपाड्याच्या पलीकडची मुलगी होती, पहिलटकरीण. मी पोचले तेव्हा घरात रडणं सुरू झालं होतं. आणि माझ्या दारात चांगली धडधाकट मोटार उभी. तिच्यात सगळं होतं, फक्त माझ्या डाव्या पायाचं काम करणारं कोणी नव्हतं. तो क्लच एवढाच काय तो प्रश्न. क्लच दाबल्याशिवाय गिअर पडत नाही, आणि तो दाबायचा डाव्या पायाने. उजवा माझा पहिलवानाचा आहे, ब्रेक नि पेट्रोल तो एकटा सांभाळतो. हाताने क्लच ओढावा तर एक हात चाकावर, दुसरा गिअरवर. तिसरा आणू कुठून?

मग एकदा खाडीपलीकडे जायचं होतं. मोठागावच्या जनी कोळणीने होडीतून नेलं. वारा भरलेला. जनी पायाने सुकाणू धरून बसली होती, हाताने धाकट्या पोराला भाकर देत होती, आणि शिडाची दोरी तिने पाठीमागून अंगाला घेतली होती. वाऱ्याने जोर केला की ती नुसती मागे रेलायची. शीड वळायचं. पुढे झुकायची, शीड सैल. मी म्हटलं, "अगं, हात नाही दुखत?" तर म्हणाली, "डाक्तरीन बाय, दोरी हातानं नाय खेचाची, आंगानं खेचाची."

त्र्यंबका, मी त्या होडीत बसल्या बसल्या रडले. जनीला वाटलं मला होडी लागली.

घरी येऊन कागदावर चित्र काढलं, लोहाराकडे नेलं, त्याने डोकं खाजवलं, मी पुन्हा काढलं. आता अशी व्यवस्था आहे: क्लचला होडीची दोरी बांधलीय, ती पुढे एका कप्पीवरून वळून मागे येते, आणि तिच्या टोकाला रुंद पट्टा आहे. तो मी खांद्यावरून आणि पाठीवरून घेते. मागे रेलले की क्लच दाबला जातो, हळू पुढे आले की सुटतो. दोन्ही हात मोकळे. सीट मागे सरकवली ती यासाठी. क्लचच्या दांड्याचं पाऊल, म्हणजे पाय ठेवायची वरची पट्टी, कापून टाकलं, माझ्या डाव्या पायाचा लोखंडी चाप त्यात अडकायचा. अंगणात शिकले. तुळशीवृंदावन दोनदा पाडलं.

लायसन्स आहे. ठाण्याला येऊन, याच गाडीवर परीक्षा देऊन घेतलंय. तेव्हा कोपरीला घरी आले नाही, कारण ताईने माझ्या गळ्यात पडून मला डोंबिवलीला परत जाऊ दिलं नसतं.

आता तुझ्या कंपनीला हे कळलं तर ती विमा देणार नाही, आणि विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे पुन्हा बैलगाडी. म्हणून गप्प राहिले. तूही राहा.

मंदामावशी


कोपरी
२२ मार्च १९५५

मावशी,

रविवारपासून माझं कशात लक्ष नाही. बायको विचारते, ताप आहे का? मी म्हणतो, नाही, मी डोंबिवलीला जाऊन आलोय.

तू मला शेजारी बसवलंस. पट्टा खांद्यावरून घेतलास, वरून पदर सारखा केलास, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला काही कळूच नये. मग मागे रेललीस. दोरी ताठ झाली, पुढे कुठेतरी कप्पी कुरकुरली, तुझा डावा हात गिअरवर गेला. आणि मग तू पुढे यायला लागलीस. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवताना बाई वाकते ना, तितकी हळू. गाडी केव्हा हलली ते मला समजलं नाही. दगडाबाईची माळ हलायला लागली तेव्हा समजलं.

मी आयुष्यात मोठमोठ्या गाड्या पाहिल्या. फोर्टात कंपनीच्या दारात साहेबांच्या उभ्या असतात, त्यांच्यात माणसाला आपला चेहरा दिसतो इतक्या चकचकीत. पण माणूस आणि गाडी एकमेकांत अशी मिसळलेली मी पाहिली नव्हती. वळणावर तू रेललीस की गाडी श्वास घेतल्यासारखी वाटायची. तू मला मानपाड्याची चिंच दाखवत होतीस, कुणाच्या कुठल्या पोराचा जन्म कुठल्या घरात झाला ते सांगत होतीस, आणि मी तुझ्या पाठीकडे बघत होतो.

पण मावशी, मी गप्प नाही राहू शकलो. समज, उद्या कोणी आडवा आला, त्याला लागलं. कंपनी गाडी तपासेल, दोरी बघेल, म्हणेल हे आम्हाला सांगितलंच नव्हतं. मग त्या माणसाला कोण देणार? तो तुझ्याच एखाद्या बाळंतिणीचा नवरा असला तर? म्हणून मी तुला न विचारता कंपनीला कळवलं. रागावू नकोस, पुढे वाच. कंपनीचं उत्तर आलंसुद्धा. मंजूर. पडदा, आकडा, चटई यांच्याबरोबर लिहिलंय, "मालकिणीच्या सोयीसाठी क्लचला दोरीची जादा जोडणी." पोपटच्या जागी तुझं नाव. बस, झालं.

आईला मात्र अजून सांगायचा धीर नाही.

त्र्यंबक


डोंबिवली
२५ मार्च १९५५

त्र्यंबका,

कळवलंस ते बरोबर केलंस. त्या आडव्या येणाऱ्या माणसाचा विचार मी करायला हवा होता, मी फक्त बैलगाडीचा करत होते. तिथे तू मला हरवलंस, मान्य.

पण कळवलंस काय? "मालकिणीच्या सोयीसाठी"? अरे, त्यांना वाटलं असेल कोणी श्रीमंत बाई आहे, तिला पाय उचलायचा कंटाळा येतो, म्हणून तिने पडद्याशेजारी एक शोभेची दोरी लावून घेतली. त्यांनी माझा विमा उतरवलेला नाही. दुसऱ्याच कुणा बाईचा उतरवलाय, तिचे दोन्ही पाय शाबूत आहेत.

तू मुद्दाम खोटं लिहिलं नाहीस, ते मला ठाऊक आहे. तू आपल्या घरातल्यासारखं लिहिलंस. आपल्या घरात माझा पाय कुणी कधी उच्चारलाच नाही. मी पंक्तीत बसले नाही तर "मंदा जरा दमली आहे". वऱ्हाड निघालं की "मंदाला गर्दी सोसत नाही". शाळेची सहल टिटवाळ्याला गेली तेव्हा बाईंनी यादी वाचली आणि शेवटी म्हणाल्या, "मंदा सोडून सगळे." किती गोड आवाजात म्हणाल्या. सगळ्यांनी मला फार जपलं. इतकं जपलं, की मी डॉक्टर होऊन आले तरी ताई माझ्यासाठी खुर्ची ओढते. ताईवर मी रागावू शकत नाही. तुझ्यावर रागावू शकते, तू एजंट आहेस.

त्यांना सरळ लिही. बाईचा डावा पाय निकामी आहे. ती स्वतः गाडी चालवते. क्लच पाठीने ओढते. क्लचचं पाऊल कापलेलं आहे. या वाक्यांत एकही "सोय" यायला नको. त्यांनी नाही म्हटलं तर गाडी परसात उभी करून वर भोपळ्याचा वेल चढवीन. पण दुसऱ्या बाईच्या विम्यावर मी फिरणार नाही.

मंदामावशी


कोपरी
१८ एप्रिल १९५५

मावशी,

तू सांगितलंस तसं, शब्दाला शब्द लिहिलं. "पाय" लिहिताना हात थांबला, खोटं कशाला बोलू? आधी "डावीकडील अवयव" लिहून खोडलं.

मंजुरी त्यांनी परत घेतली आहे. निकाल लागेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नकोस, असं कळवलंय. तुझं कसं चाललंय ते विचारायची मला लाज वाटते. वरच्या साहेबांनी मला बोलावून म्हटलं, "हे काय सर्कशीचं प्रकरण आणलंत?" मी म्हटलं, "साहेब, एकदा बघा." तीन आठवडे काही नाही. आता पत्र आलंय की गोपीनाथ गुप्ते नावाचे इन्स्पेक्टर एका दिवसापुरती विशेष परवानगी घेऊन तुझी गाडी बघायला येतील. माणूस कडक आहे. त्यांच्या एका "नाही"ने कल्याणच्या दोन टॅक्स्या बसल्या. मला बरोबर यायला मनाई आहे.

आईला सांगितलं. ती उठून देवापाशी दिवा लावून आली, मग म्हणाली, "पाठीने? रोज?"

त्र्यंबक


डोंबिवली
२९ एप्रिल १९५५

त्र्यंबका,

गुप्ते येऊन गेले. गाडी गेली असं समज.

आले छत्री, टोपी आणि ठसठशीत मिशा घेऊन. कप्पी हलवून पाहिली, दोरी नखाने खरवडून पाहिली, कापलेल्या पावलावर बोट फिरवलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. म्हणाले, "चालवून दाखवा, या आवारातच." तेवढ्यात जनी धावत आली. तिची सून गोदा अडली होती. मी गुप्त्यांना म्हटलं, "तुम्ही मागे बसा नाहीतर इथेच थांबा, पण मी निघाले." ते बसले.

रेल्वेचं फाटक बंद मिळालं. तिथला चढ तुला माहीत आहे. पुढे वैरणीची गाडी, मागे अगदी मागच्या बंपरला टेकून दुसरी बैलगाडी. फाटक उघडल्यावर चढावर सुटायचं आणि तसूभर मागे जायचं नाही. डावा हात हँडब्रेकवर, उजवा पाय पेट्रोलवर, आणि पाठ. मी रेलले, पुढे यायला लागले, दोरी खांद्यात गरम झाली आणि मॉरिस जागची उचलली गेली. मागून आवाज आला, "अरे देवा." मला वाटलं त्यांना भीती वाटली. आरशात पाहिलं, तर छत्री मांडीवर आडवी आणि साहेब पुढे वाकून माझ्या पाठीकडे बघत होते. तेव्हापासून मोठागाव येईपर्यंत त्यांनी डोळे हलवले नाहीत.

गोदाला मुलगी झाली. दोघी छान आहेत. बैलगाडी असती तर हे वाक्य मी लिहिलं नसतं. गुप्ते तोवर अंगणात, सुकत घातलेल्या बोंबलांसमोर बसून होते, आणि गुप्ते असून त्यांनी एकदासुद्धा बोंबलाकडे पाहिलं नाही, असं जनी सांगते. मुलीचं रडणं ऐकून टोपी काढली म्हणे.

मग म्हणाले, "बाई, मला चालवून बघू द्या." बांधावर मोकळी जागा होती. पट्टा घातला. माणूस वीस वर्षं गाड्या चालवतोय. मागे रेलले ते ठीक, पण पुढे आले ते खुर्चीतून उठावं तसे. मॉरिसने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गाडी मिठागराच्या तोंडाशी जाऊन थांबली. जनी पदर तोंडात कोंबून हसत होती. ते उतरले, घाम पुसला, आणि पट्टा दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला.

जाताना मी विचारलं, "काय लिहिणार?" म्हणाले, "ही गाडी धोक्याची आहे, बाई. तसंच लिहावं लागेल."

असो. लोक माझ्या पायाकडे बघतात आणि बघितलंच नाही असं दाखवतात. या माणसाने पायाकडे बघितलंच नाही. तेवढं बरं वाटलं. वेल लावायला भोपळ्याच्या बिया आणल्या आहेत.

मंदामावशी


कोपरी
१४ मे १९५५

मावशी,

बिया परत दे.

कंपनीचा कागद आलाय. इंग्रजीत आहे, तुझ्या नावाचा, तो सोबत पाठवतोय. पण मराठीत मीच आधी सांगणार, तो हक्क माझा. गुप्त्यांनी लिहिलंय की ही गाडी धोक्याची आहे, दोन्ही पाय धड असलेल्या कुणाही माणसाच्या हातात. मी स्वतः तीनदा प्रयत्न केला आणि तीनदा हरलो, असं त्यांनी खाली सही करून लिहिलंय. आणि डॉक्टर मंदाकिनीबाईंच्या हाती ती जितकी सुरक्षित आहे तितकी सुरक्षित गाडी आपण या जिल्ह्यात पाहिली नाही, असं पुढे लिहिलंय. साहेबांनी ते दोनदा वाचलं म्हणे.

विमा मंजूर. पाय, पट्टा, दोरी, कप्पी, सगळं नावानिशी लिहून मंजूर. एकच अट आहे. मंदाकिनीबाईंखेरीज ही गाडी दुसऱ्या कुणीही चालवायची नाही. मी नाही, पोपट नाही, खुद्द गुप्तेसाहेबही नाहीत. कुणी चालवली तर विमा रद्द.

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे आता मंदाच चालवणार? तिच्याशिवाय कुणी नाहीच?" मी म्हटलं, "नाहीच." मग ती म्हणाली, "तिच्या पायाला सांभाळायला हवं हो. उजव्या." मावशी, आपल्या घरात तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

त्र्यंबक


डोंबिवली
१७ मे १९५५

त्र्यंबका,

कागद मिळाला. दवाखाना उघडायच्या आधी वाचला, बंद केल्यावर पुन्हा वाचला, मग जनीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मंग? दुसरा कोन चालवनार व्हता?" तिला त्यात काही नवल वाटलं नाही.

मला वाटलं. मी अजून त्या अटीपाशीच बसून आहे. जन्मभर "मंदा सोडून सगळे" ऐकलं, त्र्यंबका, आणि इतकं ऐकलं की ऐकू यायचं बंद झालं होतं. आता शिक्का मारलेल्या कागदावर लिहून आलंय, मंदा सोडून कुणी नाही. गुप्तेसाहेबांना ती सहल माहीत असण्याचं काही कारण नाही.

रविवारी ताईला घेऊन ये. स्टेशनवर गाडी घेऊन मी येते. पुढच्या दाराला पोचा आहे, ते जरा जोरात ओढावं लागतं, पण तू मध्ये पडू नकोस. दार मी उघडीन तिच्यासाठी.

मंदामावशी